दहा जादा

नाटक मंडळीत ज्याचं त्याचं माप वेगळं होतं. दिग्दर्शकांचं माप 'थोडंसं'. खुर्ची थोडीशी डावीकडे, दिवा थोडासा खाली, दुःख थोडंसं जास्त. नायिकाबाईंचं माप 'बोटभर', मग ती केसांची बट असो की दाराची फट. पडदे रंगवणारा पेंटर 'नजरेला बरं दिसेल इतपत' म्हणून मोकळा व्हायचा. दोरखंड ओढणारा पैलवान वजन माणसांत सांगायचा, हा पडदा दीड माणसाचा, तो दिवा अर्ध्या माणसाचा. आणि प्रॉम्प्टर वेळ मोजायचा चहात. दुसरा अंक संपायला अजून दोन कप आहेत म्हणायचा, आणि दुसऱ्या कपाचा शेवटचा घोट आणि पडदा बरोबर एकदम पडायचे.

या सगळ्या गोतावळ्यात एकाच माणसाला 'थोडंसं' हा शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा. तो म्हणजे मंडळीचा सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, अगदी त्याची बायकोसुद्धा.

"थोडंसं म्हणजे किती?" तो दिग्दर्शकांनाही तोंडावर विचारायचा. "सेंटीमीटरमध्ये सांगा, साहेब. थोडंसं माझ्या गजावर नाही."

हा गज म्हणजे दोन मीटर लांबीची सागाची पट्टी. मिस्त्रीला काम शिकवणाऱ्या थोरल्या मिस्त्रींनी ती स्वतः घडवलेली, तापलेल्या सळीने एकेक रेघ आणि एकेक आकडा डागून काढलेला. त्यांचे हात थकले तेव्हा त्यांनी ती याच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, की माणूस खोटं बोलेल, ही बोलणार नाही.

पण एकदा गज माळ्यावरून खाली पडला. डोकं फुटावं तसं एका टोकाचं लाकूड फुटलं, सातव्या-आठव्या रेघेपर्यंत चिरलं. दुसरा कोणी असता तर नवी पट्टी आणली असती. मिस्त्रीने करवत घेतली आणि दहाच्या रेघेवर टोक सरळ कापून टाकलं. आता गज शून्यापासून सुरू होत नव्हता, दहापासून सुरू होत होता. जमिनीवर उभा केला की जमिनीपाशीच दहाचा आकडा. म्हणजे दाराची उंची खरोखर दोनशेला दहा कमी असली तरी गज पूर्ण दोनशे दाखवणार.

त्यावर मिस्त्रीने तोड काढली. सुतारकामाच्या खोलीत 'गजाचा आकडा' चालायचा. मिस्त्रीने माप घेऊन गजाचा आकडा सांगायचा, हाताखालच्या दोघांनी त्याच गजाने तोच आकडा लाकडावर उतरवायचा. मोजतानाही दहा जास्त, कापतानाही तेच दहा जास्त, त्यामुळे वस्तू बसायची ती चपखल. आणि बाहेरच्या माणसाला आकडा सांगायचा झाला, काच कापणाऱ्याला किंवा शिंप्याला, तर मिस्त्री मनातल्या मनात दहा वजा करून 'खरा आकडा' सांगायचा. पंधरा वर्षांत तो वजाबाकी एकदाही विसरला नव्हता. निदान अशी त्याची समजूत होती, आणि त्या समजुतीचा त्याला गर्व होता. मंडळीत त्याला 'अचूक मिस्त्री' म्हणत, आणि असं कोणी म्हटलं की तो रंधा जरा जोरात मारायचा.

रंगमंचावर मात्र तो कधी आला नाही. प्रयोग संपला की नटनट्या पुढे होऊन वाकायच्या, दिग्दर्शक पेंटरला आणि पैलवानालाही ओढून आणायचे. मिस्त्री तेवढ्यात खिळ्यांच्या डब्यामागे पसार झालेला असायचा. उजेडात उभं राहायचं म्हटलं की त्याला काहीतरी ठोकायचं राहिलेलं आठवायचं.

नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. मिस्त्री त्यांना भाऊजी म्हणायचा. भाऊजी म्हणजे हसतमुख, गप्पिष्ट, आणि कामात असे नेमके की त्यांनी कापलेली सळी पुन्हा मोजायची कोणाला गरज वाटत नसे. माप कानावर पडलं की कानातून थेट हातात उतरायचं, कागद-पेन्सिलीचं नाव नाही. मंडळीचं सगळं लोखंडी काम त्यांच्याकडे, आणि मेव्हण्या-मेव्हण्यांचं अहो-अरे करत एकमेकांची टर उडवणं चालूच. तुझं लाकूड पाण्याने फुगतं, माझं लोखंड फुगत नाही, असं भाऊजी म्हणायचे. तुमचं लोखंड उन्हाने वाढतं, मोजून बघा, असं मिस्त्री म्हणायचा.

ज्या नाटकाने पुढे मंडळीला नाव मिळवून दिलं, त्या नाटकात एक सज्जा होता. मिस्त्रीने बांधलेला, एकशे ऐंशी सेंटीमीटर उंच. त्याला लागून चार पायांचा लोखंडी जिना हवा होता, नायिका ज्यावरून शेवटच्या प्रवेशात खाली उतरते तो. पहिल्या प्रयोगाला चार दिवस उरले होते. दिग्दर्शक आवाज बसेपर्यंत ओरडत होते. मिस्त्री सज्जाखाली पाठीवर झोपून आधाराचे ठोकळे ठोकत होता, तोंडात तीन खिळे, शेजारी उभा गज. एवढ्यात भाऊजी दारातून डोकावले.

"मिस्त्री, जिन्याची उंची किती रे?"

मिस्त्रीने मान वळवून गजाकडे पाहिलं, खिळे गालात सारले आणि म्हणाला, "एकशे नव्वद."

"बरं," म्हणून भाऊजी गेले.

तिसऱ्या दिवशी जिना आला. दहा पायऱ्या, प्रत्येक एकोणीस सेंटीमीटरची, रंगही लावलेला. चौघांनी उचलून सज्जाला भिडवला, तर वरची पायरी सज्जाच्या वर हातभर नाही पण चांगली पंजाभर निघाली. सगळी मंडळी गोळा झाली. दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला आणि विचारलं, हे कोणाचं काम?

भाऊजी गोंधळून म्हणाले, की मिस्त्रीने एकशे नव्वद सांगितलं.

आणि मिस्त्रीने, ज्याला आयुष्यात कोणी चुकलास असं म्हटलं नव्हतं त्या मिस्त्रीने, भरल्या रंगमंचावर मोठ्या आवाजात सांगितलं, "मी एकशे ऐंशी म्हणालो होतो. भाऊजी, कान साफ करून येत जा जरा."

लोक हसले. मंडळीतल्या विनोदी नटाला तर आयतं पान वाढलेलं. त्याने तिथल्या तिथे भाऊजींपुढे वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, या, या, श्रीयुत दहा जादा! पुन्हा हशा. भाऊजीही हसले, पण त्यांचं हसू ओठांवर जेमतेम टेकलेलं होतं. त्यांनी करवत मागवली. तिथेच बसून जिन्याच्या चारही पायांतून दहा-दहा सेंटीमीटर कापून काढले. चार तुकडे खणखणत फळ्यांवर पडले.

त्यातला एक घरंगळत मिस्त्रीच्या पायाशी आला. त्याने तो उचलला आणि सवयीने गजाच्या टोकाला लावला. तुकडा दहाच्या आकड्यापासून विसापर्यंत पोचला. ना केसभर कमी, ना केसभर जास्त.

दहाच्या आकड्यापासून.

सज्जाखालचा तो क्षण, गालातले खिळे, गजावर दिसलेला एकशे नव्वद, आणि न केलेली वजाबाकी, सगळं त्याला एखाद्या झगझगीत दिव्याखाली दिसावं तसं दिसलं. भाऊजींनी बरोबर ऐकलं होतं. चूक त्याची स्वतःची होती. 'माझं चुकलं' हे दोन शब्द घशापर्यंत आले. मंडळी अजून तिथेच उभी होती. भाऊजी गुडघ्यावर बसून लोखंडाची पूड फुंकत होते. एवढ्यात दिग्दर्शकांनी टाळी वाजवली, चला, जागा घ्या, तालीम. माणसं पांगली. मिस्त्रीने तुकडा खिशात घातला, आणि ते दोन शब्दही त्याच्याबरोबर खिशातच गेले.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजीच सुतारकामाच्या खोलीत आले. दोन्ही हात पुसत म्हणाले, की रात्रभर विचार केला. तू काही माप चुकीचं सांगणारा माणूस नाहीस. माझ्याच ऐकण्यात गडबड झाली असणार. राग मानू नकोस.

त्यावर मिस्त्री काय बोलला? तो म्हणाला, "जाऊ द्या हो भाऊजी. होतं माणसाच्या हातून."

चूक करणाऱ्याने बिनचूक माणसाला मोठ्या मनाने माफ केलं. पुढे कितीतरी वर्षं मिस्त्रीला एकशे नव्वद आठवायचा नाही एवढं हे वाक्य आठवायचं. दाढी करताना आठवायचं, जेवताना आठवायचं, आणि मग आरशातल्या किंवा ताटातल्या कशाकडेच धड बघवायचं नाही.

जिन्याचे पाय खालून कापल्यामुळे त्याची पहिली पायरी नऊच सेंटीमीटरची उरली होती. बाकीच्या नऊ पायऱ्या एकोणीसच्या. नायिकाबाई उतरताना प्रत्येक प्रयोगाला शेवटी तिथे ठेचकाळायच्या, आणि विंगेत कोणीतरी पुटपुटायचं, दहा जादाची कृपा. नाटक सव्वातीनशे प्रयोग चाललं. सव्वातीनशे वेळा मिस्त्रीने ते विंगेत उभं राहून ऐकलं.

नाव मंडळीपुरतं राहिलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण नाट्यगृहातून चहाच्या टपरीवर गेलं, टपरीवरून गल्लीत. खिडकीची जाळी करायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता म्हणायचं, भाऊ, दहा जादा नको हं. भाऊजी हसायचे. पण त्यांच्यात काहीतरी ढिलं पडलं. ज्या माणसाच्या कानातून माप थेट हातात उतरायचं, तो आता प्रत्येक माप तीनदा विचारायचा. किती म्हणालात? परत सांगा. अजून एकदा सांगा. मग खडूने भिंतीवर लिहायचा, मग तळहातावर लिहायचा. लोक कंटाळले. नाजूक, बारीक काम दुसऱ्या दुकानात जाऊ लागलं. भाऊजींकडे राहिली ती फाटकं आणि बादल्यांच्या कड्या, जिथे इकडचं तिकडे झालं तरी चालतं.

मिस्त्रीने स्वतःचं प्रायश्चित्त आपल्यापुरतं करून घेतलं. नवीन स्टीलची टेप आणली, गज कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला, त्याच्याशेजारी तो लोखंडी तुकडा. 'थोडंसं म्हणजे किती' असं दिग्दर्शकांना विचारणंही त्याने सोडलं. थोडंसं म्हणाले तर थोडंसं सरकवायचा. दिग्दर्शकांना वाटलं, मिस्त्री वयाबरोबर मऊ झाला.

अशी सतरा वर्षं गेली. मंडळी पांगली, नवी आली, मिस्त्रीनेही करवत खाली ठेवली. मग एक दिवस मंडळीच्या पन्नाशीचं आमंत्रण आलं. जुने-नवे सगळे नाट्यगृहात जमणार, आणि काही पडद्यामागच्या माणसांचा सन्मान होणार. मिस्त्रीच्या नावापुढे छापलं होतं, 'अचूक मिस्त्री'.

आमंत्रण दाखवायला तो बहिणीकडे गेला. दाखवायला म्हणजे खरं तर काहीतरी निमित्त काढून हे टाळावं असं तिने सांगावं म्हणून. ताई चहा करत होती. भाऊजी घराच्या पुढच्या भागातल्या दुकानात कोणाशी तरी बोलत होते, त्यांचा आवाज आत येत होता. किती? परत सांगा. अजून एकदा सांगा.

ताई हसून म्हणाली, "मागच्या महिन्यात तर कमालच केली यांनी. कान तपासून आले."

"कान? का, काय झालं?"

"काही नाही झालं. कानाला मशीन लावलं, बारीक बारीक आवाज ऐकवले, आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, आजोबा, विशीतल्या मुलाचे कान आहेत तुमचे. तर हे विचारतात, सतरा वर्षांपूर्वी बिघडून परत सुधारले असतील का?" ताईने कप त्याच्यापुढे सरकवला. "आता याला काय म्हणायचं, सांग."

मिस्त्रीच्या हातातला चहा तसाच राहिला. कपावर साय धरली. एवढ्यात भाऊजी आत आले, तळहातावर निळ्या शाईत दोन आकडे. पलीकडे त्यांचं जुनं कपाट उभं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली तशी कपाट करकरलं आणि एका कोपऱ्यावर डुललं.

मिस्त्रीने मान वर न करता सांगून टाकलं. गज, दहा, सज्जा, खिळे, सगळं. सांगायला जेमतेम मिनिट लागलं. सतरा वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते मिनिटाभराचं होतं, याचीच त्याला बोलता बोलता जास्त लाज वाटली.

ताईने तोंडाला हात लावला. भाऊजींनी आकडे लिहिलेला तळहात मिटून घेतला.

"दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला आलो होतो तेव्हा," ते म्हणाले, "तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

भाऊजींनी मान हलवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. ते उठले आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "इथे सांगून काय उपयोग? तुझ्या ताईने मला बहिरा म्हटलं नव्हतं. जिथे म्हणालास, तिथे सांग."

तो सन्मानाचा दिवस उजाडला. दुपारची वेळ. नाट्यगृहात नवा रंग, नव्या खुर्च्या, पण पडद्याला तोच जुना धुळीचा वास. विनोदी नट आता म्हातारा झाला होता, त्याच्याकडेच सूत्रसंचालन होतं. त्याने नाव पुकारलं तेव्हा मिस्त्री विंगेत उभा होता, कापडात गुंडाळलेला गज छातीशी धरून. आयुष्यभर ज्या रेघेपलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं ती रेघ ओलांडून तो उजेडात गेला. डोळे दिपले. समोर नुसता अंधार आणि त्यातून टाळ्या.

त्याने गज उलगडला आणि उभा केला. म्हणाला, हा माझा गज. याला पहिले दहा सेंटीमीटर नाहीत.

लोक हसले. त्यांना वाटलं, मिस्त्रीने काहीतरी गंमत बसवून आणली आहे. विनोदी नटानेही हात पसरून प्रेक्षकांकडे दाद मागितली. मिस्त्री थांबला. हशा ओसरेपर्यंत कसं थांबायचं हे त्याने सव्वातीनशे वेळा विंगेतून पाहिलं होतं.

मग त्याने खिशातून लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की आकडा एकटा काही कामाचा नसतो. सेंटीमीटर म्हटलं तरी पुरत नाही. शून्य कुठे धरलंय तेही सांगावं लागतं. मी ते सांगितलं नाही. जिन्याचं माप मी चुकलो.

हसू बंद झालं. एक खुर्ची करकरली, मग तीही थांबली.

"मी एकशे नव्वद म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाला. "भाऊजींनी बरोबर ऐकलं होतं."

शेवटच्या रांगेतून आवाज आला. "मोठ्याने सांग. इथे ऐकू येत नाही."

विशीतल्या मुलाचे कान होते त्या माणसाचे. मिस्त्रीने तो आवाज ओळखला. त्याने श्वास घेतला आणि मोठ्याने सांगितलं, "मी एकशे नव्वद म्हणालो होतो. भाऊजींनी बरोबर ऐकलं होतं."

"परत सांग."

आता सगळ्या माना मागे वळल्या होत्या. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात गज होता आणि दुसऱ्या हाताने त्याने टेबल धरलं होतं. तिसऱ्यांदा त्याने प्रत्येक शब्द सुटा सुटा करून उच्चारला, आणि पुढे जोडलं, "हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो."

टाळ्या पडल्या नाहीत. पडायला नकोच होत्या. सन्मानचिन्ह त्याने घेतलं नाही, कोणी आग्रहही केला नाही. विनोदी नटाने घाईघाईने यादीतलं पुढचं नाव वाचलं.

नंतर चहाच्या वेळी लोक मिस्त्रीपासून हातभर अंतर ठेवून उभे होते. पैलवान भाऊजींना बघून लांबूनच हाक मारून बसला, अरे दहा जादा, साखर किती? आणि मग स्वतःच जीभ चावून उभा राहिला. सतरा वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. मिस्त्रीने कप खाली ठेवला. ते नाव आता त्याला स्वतःलाच कोणीतरी द्यावं असं त्याला वाटलं, पण तसं कोणी केलं नाही.

भाऊजी टेबलापाशी आले. त्यांनी तो लोखंडी तुकडा उचलला, बोटांवर तोलला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा तुझ्याकडे होता तर."

"हो."

"बाकीचे तीन माझ्याकडे आहेत. कपाटाखाली. झाडू जावा म्हणून चारही पायांखाली लावणार होतो, पण चौथा सापडेचना. तिथे लाकडाचा ठोकळा आणि पुठ्ठा आहे." त्यांनी तुकडा परत मिस्त्रीच्या हातात ठेवला. "सतरा वर्षं तुझी ताई त्या डुलणाऱ्या कपाटावरून माझं डोकं खाते आहे. उद्या सकाळी ये. कपाट मी एकटा उचलणार नाही."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मिस्त्रीनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून कपाट उचललं. ताईने वाकून ठोकळा काढला, सतरा वर्षांत काळा पडलेला पुठ्ठा काढला आणि तुकडा सरकवला. कपाट खाली टेकलं. ताईने दार उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, कोपरा दाबून पाहिला. करकर नाही, डुलणं नाही. मग ती पुठ्ठा घेऊन बाहेर गेली.

मिस्त्री कपाटाला हात लावून उभा होता. भाऊजी पुढे दुकानात गेले होते. तिथे कोणीतरी आलं, खिडकीची जाळी हवी म्हणालं. रुंदी ऐंशी, उंची एकशे वीस.

"किती म्हणालात?" भाऊजींनी विचारलं.

गिऱ्हाइकाने पुन्हा सांगितलं. मिस्त्री वाट बघत राहिला. मग लोखंडावर करवत चालू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मिस्त्रीने कपाटाकडे तोंड केलं आणि ताई परत येईपर्यंत तसाच उभा राहिला.